चाफ्याच्या बेळक्यातला पाऊस

2025 च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वारं सुटलं आणि आमच्या अंगणातल्या चाफ्याची दक्षिणेकडची फांदी खाली आली. चाफा कडाडून मोडत नाही. जून मुळा मोडावा तसा भक्कन आवाज झाला, मोडल्या जागेतून पांढरा चीक गळायला लागला आणि शेंड्यावरचा फुलांचा तुरा फरशीवर जसाच्या तसा उभा राहिला. मी आत गेलो आणि शिलाईच्या डब्यातला टेप घेऊन आलो.

"काय करालाव?" बायकोनं विचारलं.

"मोजालो."

"सहा वर्षं झाली रिटायर होऊन, तुमचं मोजणं काही सुटंना."

तिचं बरोबर आहे. तहसील कचेरीत नोकरीची शेवटची अकरा वर्षं माझ्याकडे पर्जन्यमापकाची नोंद होती. सकाळी साडेआठला मापात पाणी ओतायचं, मिलिमीटर वाचायचे, वहीत लिहायचे, वर कळवायचे. पावसाळ्यात हे काम मानाचं असतं, चहाच्या टपरीवरसुद्धा लोक "साहेब, किती झाला?" म्हणून विचारतात. दुष्काळात मात्र रोज सकाळी वहीत शून्य लिहायला जावं लागतं. पाऊस नसला तरी नोंद करावीच लागते, आणि शून्य लिहायलाही हात तेवढाच चालवावा लागतो. ती सवय अंगात मुरली. म्हणून फांदी पडल्यावर माझा हात आधी टेपकडे गेला.

आता चाफ्यात मोजायचं काय? तेच सांगायला बसलोय.

चाफ्याचा तुरा नेहमी फांदीच्या टोकालाच येतो, अध्येमध्ये कधी नाही. टोकाचं फूल झालं की त्या फांदीला सरळ पुढे जायला वाट उरत नाही. मग तुऱ्याच्या खालचे दोन-तीन डोळे जागे होतात आणि तिथं बेळकं, म्हणजे फांद्यांचा फाटा, फुटतं. म्हणजे झाडावरचं एकेक बेळकं म्हणजे एकेका बहराची खूण. दोन बेळक्यांच्या मधला दांडा म्हणजे त्या दोन बहरांमधली वाढ. त्या दांड्यावर गळून पडलेल्या पानांचे अर्धगोल वण राहतात. (खुरचाफा हे नाव या खुरासारख्या वणांवरूनच पडलं असावं, असा माझा आपला तर्क.) पाऊसपाणी बरं असेल तर हे वण ऐसपैस, एकमेकांपासून लांब असतात. पाणी कमी पडलं की दाटीवाटीनं, सणावाराच्या एसटीत माणसं बसतात तसे.

पडलेली फांदी मी टोकाकडून बुडाकडे वाचत गेलो. पहिला दांडा, 2024 च्या पावसाळ्यातला, वीतभर. त्याच्या खालचा 2023 चा, जेमतेम चार बोटं. त्या वर्षीचा ऑगस्ट आठवत असेल तर आठवा, अख्खा महिना ढग नुसते येऊन जात होते. त्याच्या खाली 2022, 2021 आणि 2020 हे तिन्ही दांडे दीड-दीड वीत, वण सुटेसुटे. मग 2018 चं आखूड थोटूक. आणि त्याच्याही खाली, 2016 च्या लांबलचक दांड्याच्या आधी, अशी एक जागा होती की तिथं बोट ठेवून मी बराच वेळ उकिडवा बसलो. 2014 आणि 2015 अशी दोन वर्षं मिळून तीन बोटांची वाढ आणि मध्ये बेळकं नाही. वणावर वण चढलेले. दोन वर्षं त्या फांदीला फूलच आलं नव्हतं.

लातूरकराला 2016 चा उन्हाळा समजावून सांगायची गरज नाही. मांजरा धरण कोरडं, टाक्यांभोवती जमावबंदी, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत भांडी घासलेलं पाणी संडासाला, कपड्यांचं पाणी फरशीला, असा हिशोब होता. चाफ्याच्या वाट्याला काहीच नव्हतं. बोअर आधीच गेलेलं. त्या उन्हाळ्यात झाड म्हणजे भिंतीला टेकवलेल्या काठ्यांची मोळी दिसायची. मी एकदा नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं होतं, चीकही आला, पण घट्ट, गोंदासारखा. त्याच्या जाड फांद्या म्हणजे पाण्याच्या पखालीच. पानं टाकून द्यायची, फुलायचं नाही आणि आतल्या साठ्यावर वाट बघायची, एवढं त्याला येतं. जूनमध्ये पाऊस झाला आणि आठ-दहा दिवसांत सगळ्या टोकांना हिरवे कोंब दिसले. त्या वर्षी पाऊस इतका झाला की मांजरा भरलं. झाड दीड वीत वाढलं आणि 2017 च्या एप्रिलमध्ये असं फुललं की शेजारच्या बाया परड्या घेऊन यायच्या.

यातून माझा एक हिशोब बसला आहे. वहीत तो कुठे लिहिला नाही, पण तीस वर्षं बघून मनात पक्का झाला आहे. आपल्याकडचा चाफा उन्हाळ्यात पानं नसताना फुलतो, तो गेल्या पावसाळ्याच्या कमाईवर. म्हणून दुष्काळाचा मार त्याच्या फुलांत एक वर्ष उशिरा दिसतो. माणसाचंही तसंच असतं म्हणा. दुष्काळातलं कर्ज अंगावर येतं ते पुढच्या सालात.

एका बेळक्यानं मात्र मला फसवलं होतं. 2014 च्या वाढीच्या सुरुवातीलाच एक दुबेळकं होतं आणि मी ते बहर म्हणून धरलं. नंतर हात फिरवला तर लक्षात आलं, बहराच्या बेळक्याच्या मधोमध तुऱ्याचा वाळलेला दांडा पडून गेल्याचा वण असतो, बेंबीसारखा. या बेळक्यात तो नव्हता. तिथं नुसता एक वाळका, चपटा खळगा. मग आठवलं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट. मराठवाड्यात गहू, ज्वारी, द्राक्षं सगळं झोपवून गेलेली. गारांनी चाफ्याचे शेंडे ठेचले आणि शेंडा मेला म्हणून फांदी फुटली, फूल येऊन नव्हे. तेव्हापासून मी बेळकं दिसलं की आधी बेंबी चाचपतो. सुनेला वाटतं सासऱ्याचं काही खरं नाही.

हे झाड मूळचं लातूरचं नाही. औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाड्यात एक जुना चाफा होता, पांढरा, मध्ये पिवळा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात वाड्याची भिंत त्याच्यावर पडली. आमच्या घरातली माणसं वाचली, ती कशी ते पुन्हा कधी. दिवाळीनंतर बाप दगडमाती उपसत होता तेव्हा खाली दबलेली एक हातभर फांदी निघाली. मुळं नाहीत, माती नाही, आणि टोकाला चार पानं फुटलेली. बापानं ती धोतराच्या सोग्यात गुंडाळून लातूरला आणली. मोडलेली फांदी लगेच पुरली तर कुजते. चीक वाळून जखम बंद होईपर्यंत तिला आठ-पंधरा दिवस सावलीत नुसती ठेवावी लागते. ही तर दीड महिना ढिगाऱ्याखाली राहून आयती सुकलेली होती. बापानं ती प्लॉटच्या कोपऱ्यात मुरमाच्या ढिगावर खोचली, कारण बाकीच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं. त्या मुरमानंच झाड जगवलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात ओलावा धरून बसते. कापसाला, तुरीला, हरभऱ्याला ती सोनं आहे. चाफ्याला तिच्यात बुडाशी पाणी थांबलं की दांडा आतून मऊ होतो, दाबलं तर बोट आत जातं. वरून पानं आठवडाभर ताजी दिसतात, म्हणून पत्ता लागत नाही.

चाफ्याला शेंगा क्वचितच धरतात. आमच्या झाडाला तीस वर्षांत दोनदा पाहिल्या, बैलाच्या शिंगांसारख्या जोडीनं आलेल्या. त्याच्या फुलात मध नसतो. संध्याकाळी वास सोडून तो मोठ्या रातपतंगांना बोलावतो, ते बिचारे फुलाफुलांत सोंड घालून रिकामे परत जातात, आणि त्या फेऱ्यांत कधीतरी काम होतं. तेव्हा गावोगावच्या देवळात, दर्ग्यात, मसणवट्यात जे चाफे दिसतात ते बहुतेक कुणीतरी कुणाला दिलेल्या फांदीचेच. फांदीचं झाड म्हणजे तेच झाड. मूल नव्हे, जुळंही नव्हे, तेच. त्यामुळे आमचा चाफा आज चार ठिकाणी आहे असं म्हणायला हरकत नाही, आणि माझ्यासारख्या मोजणाऱ्या माणसाला याहून चांगली सोय कुठली? झाड एकच, हवा चार प्रकारची.

परभणीचा चाफा धाकट्या बहिणीकडे. परभणीचं हवामान म्हणजे दोन टोकं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, आणि थंडीत राज्यात सगळ्यात खाली कुठं गेला म्हटलं की पेपरात पुष्कळदा परभणीचंच नाव. उन्हाचं त्या झाडाला काही वाटत नाही. आमच्यापेक्षा आठ-दहा दिवस आधी फुलतं आणि वास इतका की बहिणीचे मिस्टर संध्याकाळी गच्चीवर बसतात. पण 2018 च्या डिसेंबरअखेर तिथं पारा तीन-चार अंशांवर आला, आणि जानेवारीत बहिणीचा फोन, "दादा, शेंडे काळे पडायलेत. काहून?" मी म्हटलं, गोठले. चाफ्याला दहा-बारा अंशांखाली वाढच जमत नाही, तो झोपतो. त्याहून फारच खाली गेलं की टोकाचा कोवळा गर मरतो. तिनं काळं पडलेलं तेवढं कापून काढलं. त्या वर्षी तिच्याकडे एक तुरा आला नाही, बेळकी मात्र ढीगभर फुटली. सगळी बिनबेंबीची.

चिपळूणला आतेभाऊ असतो. त्याच्याकडे साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्या चार-पाचपट. फांदी देताना मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की ही कुजणार. कुजली नाही. तिथली जांभ्याची जमीन चाळणीसारखी, कितीही ओता, पाणी थांबत नाही. झाड आमच्यापेक्षा उंच झालं, पानं हातभर. थंडी नावापुरतीच, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटीच फुलायला लागतं. पण जुलै आला की पानांच्या खालच्या बाजूला केशरी भुकटी धरते. गव्हावर पडतो तसा तांबेरा. हात लावला तर बोटं हळद लागल्यासारखी होतात. गणपतीपर्यंत निम्मी पानं खाली. आमच्याकडे पानं गळतात ती थंडीनं आणि कोरडीनं, मार्गशीर्ष-पौषात. त्याच्याकडे भर पावसात. आतेभाऊ म्हणतो, "तुमच्याकडे झाड उपाशी मरतं, आमच्याकडे खाऊन आजारी पडतं." हे वाक्य तो दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी स्वतःच हसतो.

चौथा पुण्यात मुलीच्या गॅलरीत. गॅलरी उत्तरेकडं तोंड करून, समोर दुसरी बिल्डिंग. तीन वर्षं नुसती पानं. तिनं खतं घातली, यूट्यूबवर बघून केळीच्या सालीचं पाणी घातलं. मी म्हटलं, बाई, त्याला सहा तास ऊन दे, बाकी काही नको. सोसायटीच्या गच्चीवर कुंडी नेली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात फुललं. केळीची सालं वाया गेली.

दुसऱ्यांना असा शहाणपणा शिकवतो खरा, पण सगळ्यात मोठं गाढवपण मीच केलं. 2016 नंतर माझ्या डोक्यात पाणी बसलं होतं. बोअरला पुन्हा पाणी आलं तसं मी झाडाला ठिबक लावलं. आयुष्यभर तहानलं बिचारं, आता तरी पिऊ दे. 2017 चा बहर होऊन गेल्यावरच्या थंडीत, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी रोज पाणी. वरून एकानं सांगितलं म्हणून दोन मुठी युरिया. झाड हिरवंगार, संक्रांतीला एक पान गळालं नाही. मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो. बायको एकदाच बोलली, "चाफ्याला उसावानी पाणी पाजालाव तुम्ही." उन्हाळा आला आणि गेला. फांद्या लांब, लिबलिबीत, टोकाला पानांचे झुबके आणि फूल नाही. वर पूर्वेकडची एक फांदी बुडापासून कुजली ती वेगळीच. त्या वर्षीच्या दांड्यावर बेळकं नाही, 2015 च्या दांड्यावरही नाही. एकात तहानेनं, दुसऱ्यात लाडानं.

नंतर वाचलं तेव्हा उलगडलं. हा चाफा आपला नाहीच मुळी. आपला खरा चाफा तो सोनचाफा, जुन्या ग्रंथांतला चंपक. हा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा, सागरी व्यापारानंतर इकडं आलेला, आणि आपण त्याला आपल्या चाफ्याचं नाव देऊन देवाला वाहायला लागलो. प्लूमेरिया हे त्याचं शास्त्रीय नाव शार्ल प्लूमिए या सतराव्या शतकातल्या फ्रेंच पाद्री-वनस्पतितज्ज्ञाच्या नावावरून पडलं. त्याच्या माहेरच्या रानात वर्षाचे काही महिने पाऊस आणि बाकीचे महिने कोरडे ठणठणीत. म्हणजे मराठवाडाच की. कोरडा काळ ही त्याची शिक्षा नाही, झोप आहे. मी तीन महिने त्याला झोपूच दिलं नाही, आणि वर फूल मागत होतो. आता दिवाळीनंतर मी त्याला थेंब पाणी घालत नाही. पहिली कळी दिसली की आठवड्याला एक बादली, तेही घातलं तर घातलं.

सिंगापूर चाफ्याची गोष्ट निराळी, त्याच्याशी माझा लळा नाही. गोल टोकाच्या, चकचकीत पानांचा, बारमाही हिरवा, सध्या प्रत्येक नव्या बंगल्यापुढे दोन उभे असतात. तो कॅरिबियन बेटांकडचा, त्याला दमट हवा हवी. आमच्या मे महिन्यात त्याच्या पानांच्या कडा कागद भाजल्यासारख्या होतात. आणि नागाच्या फण्यासारख्या पानांचा जो नर्सरीवाले नागचाफा म्हणून विकतात तो बारा महिने फुलतो, पण वास जवळजवळ नाही. खरा नागचाफा वेगळाच वृक्ष आहे. असो.

आता 2025 विषयी. ते वर्ष माझ्या हिशोबात कुठंच बसत नाही. मे महिना हा आमच्या चाफ्याचा ऐन बहराचा. कोरडं ऊन, तापलेली भिंत, आणि दिवेलागणीला वास. त्या मे महिन्यात पाऊसच संपेना. वळीव एकदा येऊन जातो, तो ठीक. हा दिवसाआड. तुऱ्यांत पाणी साचून कळ्या न उमलताच तपकिरी होऊन गळायला लागल्या. उमललेल्या फुलांना वास असा जवळ नाक नेल्यावरच. पानं महिनाभर आधी फुटली. मग सप्टेंबरमध्ये पुन्हा जे कोसळलं, ते साऱ्या मराठवाड्यानं भोगलं. जनावरं गेली, माती गेली, उभं सोयाबीन पाण्यात. त्यापुढे एका चाफ्याचं रडगाणं गायची लाज वाटते. पण बघायची सवय, म्हणून बघितलं. ऑक्टोबरमध्ये पानं उलटी केली आणि बोटांना केशरी भुकटी लागली. लातुरात, माझ्या अंगणात, तीस वर्षांत पहिल्यांदा तांबेरा. मी आतेभावाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर, "या, बसा."

एका झाडावरून हवामान बदललं असं मी म्हणणार नाही. एका पर्जन्यमापकावरून तालुक्याचा पाऊस सांगायची आमची पद्धत, तिचे घोटाळे मी अकरा वर्षं पाहिलेत. पाऊस शेताच्या बांधावर थांबतो आणि वही म्हणते सगळीकडे पडला. पण वहीत त्या दिवशी काय पडलं ते तरी लिहावं लागतंच.

मोडलेली फांदी मी जिन्याखाली ठेवली होती. जूनमध्ये तिथं अंधारातच तिच्या तुऱ्यातली उरलेली तीन फुलं उमलली. मुळं नाहीत, पाणी नाही, आणि फूल. जुलै तसाच गेला, ऑगस्ट-सप्टेंबरात लावायची सोयच नव्हती, जमीन नुसती रेंदा. दिवाळीनंतर गावाकडं जाऊन वाड्याच्या जुन्या जागी, जिथं आता नुसतं जोतं आहे, तिथं दोन पाट्या मुरूम टाकून लावली. पाणी घातलं नाही. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, आता थंडीत लावालाव का? जगंल का?" वेळ चुकीचीच आहे, उन्हाळ्याच्या तोंडाशी लावायला हवी होती. पण गाडीत जागा त्या दिवशी होती.

हे लिहितोय तेव्हा जानेवारी सरत आलाय. काल बहिणीचा फोन आला. तिकडचं झाड पार उघडं झालंय म्हणाली, एक पान नाही. "तुझं कसंय, दादा?"

मी खिडकीतून पाहिलं. पश्चिमेच्या फांदीवर सात, मधल्या फांदीवर चार. अकरा अजून आहेत.